ओटीचा रकाना

दाउलेन आणि बागिला एकाच खोलीत बसत, एकाच किटलीतला दुधाचा चहा पीत, आणि तरी त्यांच्यात विळ्या-भोपळ्याचं सख्य होतं. भांडण पगारावरून नव्हतं की खुर्चीवरून नव्हतं. चूक कुठे अडवायची, यावरून होतं. असल्या गोष्टीवरून माणसं एकमेकांचं तोंड बघेनाशी होतात हे बाहेरच्याला सांगून पटणार नाही. ज्याला पटत नसेल त्यानं दोन प्रोग्रामर एका खोलीत बसवून पाहावेत.

ऑफिस किझिलोर्दा शहरात, स्टेशनमागच्या जुन्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर होतं. दारावर पाटी होती कुळाच्या वंशावळ निधीची. कुळातल्या प्रत्येक माणसाची नोंद यांच्या प्रोग्रामात: नाव, जन्मसाल, बाप, आई. लग्न ठरवण्याआधी दोन्हीकडची माणसं इथे येऊन मोजणी करून घेत. दोघांचा मूळपुरुष सात पिढ्यांच्या आत एक निघाला तर विषय संपला. आठव्या पिढीत निघाला तर खुशाल घोडा कापायचा आणि सोयऱ्यांना जेवायला बोलवायचं. पूर्वी ही मोजणी म्हातारे तोंडपाठ करत. आता म्हातारे थोडे उरले होते, आणि जे उरले होते त्यांच्या पिढ्या एकमेकांशी जुळत नव्हत्या, म्हणून निधीचे अध्यक्ष, कुळाचे अक्सकाल म्हणजे वडीलधारे तोरेहान, यांनी कॉम्प्युटर आणवले.

बागिला सत्तरीला टेकलेली, रेल्वेच्या संगणक विभागात उमेदीची वर्षं घालवून आलेली. स्क्रीनवर उघडणारे फॉर्म, ज्यांत कारकून नावं भरतात, ते सगळे तिनं लिहिलेले. तिचं म्हणणं असं की चूक तिथेच धरावी. माणूस समोर बसलेला असतो, त्याला विचारता येतं, त्याला सांगता येतं. दाउलेन सत्तावीस वर्षांचा, अल्माटीत शिकून आलेला, हुशार, आणि आपण हुशार आहोत हे पुरतं ठाऊक असलेला. त्याच्या ताब्यात डेटाबेस होता. त्याचं म्हणणं असं की नियम डेटाबेसातच ठोकून बसवावा. फॉर्ममधून येवो, फाइलीतून येवो, नाहीतर खुद्द अध्यक्षांच्या हातून येवो, चुकीची नोंद आत गेलीच नाही पाहिजे.

बागिलाचं म्हणणं हाणून पाडायला त्याला निमित्त मिळालं ते अराल शाखेच्या कृपेनं. तिथल्या एका आळशी कारकुनानं गावाची सगळी यादी फॉर्मला हातही न लावता थेट तक्त्यांत ओतली. फॉर्म बिचारे पुढच्या दाराशी प्रश्न विचारायला सज्ज बसले होते आणि माल मागच्या दारानं आत गेला. मग त्यातून वंशावळीचं जाडजूड पुस्तक छापलं, प्रकाशनाला मेजवानी झाली, आणि शेजारच्या कुळातल्या एका पाहुण्यानं मांसाचं ताट समोर असतानाच पुस्तक उघडून मोठ्यानं वाचलं. एका आजोबांचा जन्म नातवाच्या नंतरचा होता. एक बाई नवव्या वर्षी बाळंत झाली होती. पाहुण्यांची हसून पुरेवाट झाली आणि तोरेहान अक्सकालांच्या घशाखाली पुढचा घास उतरला नाही.

त्यानंतरच्या बैठकीत दाउलेननं बागिलाचा भर सभेत पाणउतारा केला. अपाय (वयानं मोठ्या बाईला आमच्यात असंच म्हणतात), तुमचा फॉर्म 'नक्की का?' असं विचारतो आणि लोक न वाचता एंटर दाबतात, असं तो म्हणाला. खरं तर चूक फॉर्मची नव्हती, फॉर्मला वळसा घालणाऱ्याची होती. पण सभेला एक माणूस दोषी लागतो, आणि बागिला समोरच बसली होती. त्याच झटक्यात सागिंदिक नावाच्या एका वजनदार गृहस्थाचाही त्यानं निकाल लावला. हा माणूस चारचौघांत आपण अमक्या लढवय्याचे वंशज असं मिरवत असे. दाउलेननं दाखवून दिलं की त्या लढवय्याचा जन्म सागिंदिकच्या पणजोबांनंतरचा आहे, सबब तो पूर्वज बाद. सागिंदिकच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण आकड्यांपुढे काय बोलणार. नियम डेटाबेसात जाणार, हे ठरलं.

आता घोडं पेंड खात होतं ते एका रकान्यापाशी.

आमच्यात पहिलं मूल आजी-आजोबांच्या ओटीत घालतात. ते मूल आजोबाला बाबा म्हणतं, आजीला आई, जन्म देणाऱ्या बापाला दादा आणि जन्म देणारीला वहिनी. यात कुणी कुणाला फसवत नाही, सगळ्या गावाला ठाऊक असतं. बागिलाच्या फॉर्ममध्ये आईचं वय बाळंतपणाच्या वेळी पन्नासच्या वर निघालं की तो विचारायचा, पोटचं की ओटीतलं? ओटीतलं असेल तर एक जास्तीचा रकाना उघडे, आणि दोन्ही आईबाप लिहिता येत. लग्नाची मोजणी रक्ताच्या बापाकडून होई, छापील वंशावळीत मूल ज्या घरात वाढलं त्या घरात दिसे. म्हाताऱ्यांच्या डोक्यात या दोन मोजण्या सुखानं नांदत, तशाच त्या रकान्यातही नांदत होत्या.

दाउलेननं तो रकाना काढून टाकला. त्याचीही बाजू होती. कारकुनांनी त्या रकान्याचा पार उकिरडा केला होता: कुणी त्यात फोन नंबर लिहिलेला, कुणी 'शेजारणीकडून कळलं' असं, कुणी नुसतं टिंब. दोन बाप ठेवले की दोन उत्तरं येतात, असं तो म्हणे. आईचं वय चौदा ते पन्नास, याबाहेरची नोंद डेटाबेस घेणार नाही, आणि प्रत्येकाला बाप एक, आई एक.

पण असा नियम बसवायला गेलं की डेटाबेस आधी आतलं सगळं तपासतो, आणि एक जरी नोंद नियमात बसत नसली तरी नियमच घेत नाही. म्हणून दाउलेननं ओटीतल्या सगळ्यांना बोलावून घ्यायला सुरुवात केली. म्हाताऱ्या बायका मुलांचे हात धरून जिने चढत आल्या, आणि मुलं नोंदीत सुनांच्या नावावर टाकून परत गेल्या. एकीनं दाउलेनला शिव्या घातल्या, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि दाउलेननं तिला थंडपणे सांगितलं की आजी, त्या सातही पिढ्या आमच्याकडे बिनचूक आहेत. बाकीचे कारकून हसले. बागिला हसली नाही.

तिचंही एक होतं. तिच्या मुलाचा पहिला मुलगा, आलिबी, तिनं ओटीत घेऊन वाढवला होता. तो तेव्हा सैन्यात होता. त्याची नोंद आली तेव्हा तिनं खुर्ची वळवून दाउलेनकडे तोंड केलं.

"आलिबी माझा आहे," ती म्हणाली.

"अपाय, तो तुमच्या घरात तुमचा आहे. इथे तो तुमच्या मुलाचा आहे."

"त्याला पहिली दृष्ट लागली तेव्हा मीठ कुणी ओवाळलं? तुझ्या डेटाबेसनं?"

"मीठ ओवाळायचा रकाना नाही आपल्याकडे," तो म्हणाला.

हे बोलायला नको होतं. बोलला, आणि बोलताना त्याला स्वतःच्या हजरजबाबीपणाचं कौतुकही वाटलं. बागिलानं खुर्ची परत वळवली. त्या दिवसापासून कामाव्यतिरिक्त ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही, आणि कामाचं बोलायची तेही असं की समोरच्याला वाटावं, न बोलती तर बरं.

सगळ्या नोंदी नीट झाल्या. एक उरली. ती त्याची स्वतःची होती.

दाउलेन स्वतः ओटीतला. कलामकास, त्याची आजी, तिला तो जन्मभर आई म्हणत आला होता. तो तिच्या पदरात पडला तेव्हा ती छप्पन्न वर्षांची होती. त्याचा बाप दुइसेन त्याचा दादा होता, आणि दुइसेनची बायको झाउरे त्याची वहिनी. दादाशी त्याचं कधी पटलं नाही. वहिनीशी भांडण नव्हतं, ओळखही फारशी नव्हती. आजोबा वारल्यावर कलामकास आणि तो दोघंच एका घरात राहत आले होते. तिला जाऊन सांगायचं, की आई, तुझं नाव माझ्या नोंदीतून काढतो? ते त्याच्यानं झालं नाही. जेवणाच्या सुट्टीत, खोली रिकामी असताना, त्यानं कलामकासचं जन्मसाल सात वर्षांनी पुढे ढकललं. एकोणपन्नासाव्या वर्षी मूल होऊ शकतं. डेटाबेसनं मुकाट्यानं नोंद घेतली, आणि मग नियमही घेतला.

एवढ्यावर थांबला असता तर. पण यशाची नशा असते माणसाला. पुढच्या बैठकीत त्यानं नियम बदलण्याचा पासवर्ड लिफाफ्यात घातला, लाख लावली, आणि अक्सकालांच्या हाती दिला. आता मीसुद्धा नियमाला हात लावू शकत नाही, तो म्हणाला. शिवाय कुणाचे आईबाप बदलायचे तर यापुढे दोघांची सही लागेल, माझी आणि बागिला अपायची, म्हणजे कुणी काही म्हणायला नको. सभेनं टाळ्या वाजवल्या. अक्सकालांनी लिफाफा तिजोरीत ठेवला आणि किल्ली गळ्यात घातली.

परिझात सागिंदिकची मुलगी होती. त्याच सागिंदिकची. इस्पितळातल्या औषधांच्या खिडकीत बसे, आणि दोन वर्षं दाउलेनचं आणि तिचं जुळलेलं होतं. ती कुळाच्या दुसऱ्या शाखेतली. दोन्ही शाखांचा मूळपुरुष बैबोल. तिच्या बाजूनंही तो आठवा, दाउलेनच्या बाजूनंही आठवा, हे दोघांनी पहिल्या महिन्यातच बोटांवर मोजून घेतलं होतं, कारण आमच्यात प्रेमात पडायच्या आधी नाही तरी लगेच नंतर हे करावंच लागतं. सागिंदिकला हा जावई नको होता हे उघड होतं. पण नाही म्हणायला कारण नव्हतं. तो एवढंच म्हणाला की निधीचा शिक्क्याचा कागद आणा, रीतीप्रमाणे.

कागद काढायची पाळी बागिलाची होती. तिनं दोन नावं भरली, बटण दाबलं, आणि स्क्रीनकडे पाहत राहिली. मग चष्मा वर करून तिनं ते वाचलं, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं, पण आवाज न चढवता.

"समान पूर्वज बैबोल. वराकडून पिढी सातवी. संबंध अमान्य."

दाउलेन उठून उभा राहिला. "आठवा आहे तो."

"डेटाबेस सातवा म्हणतो."

"अपाय, तुम्हाला माहीत आहे तो आठवा आहे. अख्ख्या गावाला माहीत आहे."

"मला बरंच काही माहीत असतं," बागिला म्हणाली. "ते लिहायला एक रकाना होता. मी काय, मी नुसती फॉर्मवाली."

त्याला एका क्षणात कळलं काय झालं ते. नोंदीत तो आजोबांचा मुलगा होता. मधली एक पिढी, दुइसेनची, त्यानं स्वतःच गिळली होती, आणि बैबोल एक पायरी खाली येऊन नेमका सातव्या पायरीवर बसला होता. मोजणीत खोट काढायला जागा नव्हती. ती त्यानंच लिहिलेली होती.

तो अक्सकालांकडे गेला, लिफाफा मागितला. एका दिवसासाठी, एका रकान्यासाठी. अक्सकाल शांतपणे म्हणाले की पोरा, माझ्या सख्ख्या भाच्यासाठी तू तो उघडला नसतास. दाउलेन म्हणाला, नसता उघडला. मग झालं तर, अक्सकाल म्हणाले, आणि नातीला हाक मारून दार उघडायला सांगितलं.

सागिंदिकच्या घरी त्याला चहा मिळाला तो काठोकाठ भरलेला. आमच्याकडे पाहुण्याला अर्धा पेला देतात, म्हणजे तो पुन्हापुन्हा मागेल आणि बसेल. भरलेला पेला दिला की त्यानं पिऊन चालू लागायचं. दाउलेननं तो पेला पाहिला आणि तरी बसून राहिला.

"माझं तुझ्याशी काही वैर नाही," सागिंदिक म्हणाला. इतकं उघड खोटं बोलताना त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं. "मी कोण अडवणारा? माझा पूर्वज तुझ्या यंत्रानं बाद केला, मी मान खाली घातली. आता तुझी पाळी."

दाउलेन म्हणाला की तुम्हाला खरं माहीत आहे. मी रक्तानं दुइसेनचा.

"मग तसं लिहून आण. दुइसेनचा मुलगा, झाउरेचा मुलगा. शुक्रवारी मी येतो, शिक्का माझ्यासमोर मार. आणि एक सांगून ठेवतो. माझ्या मुलीच्या कानात डूल घालायला झाउरे येईल. डूल वराच्या आईनं घालायचे असतात; नोंदीत जी आई, तिचा हात. म्हातारी दुसऱ्या पाहुण्यांत बसेल."

परिझात अंगणात भेटली. तिचं डोकं त्याच्यापेक्षाही तापलेलं होतं. त्यानं अडखळत विचारलं, की तू अशीच निघून आलीस तर, कागदाशिवाय, जुन्या रीतीनं पळून? ती म्हणाली की मी काय चोरून न्यायची घोडी आहे का, आणि पळून आले तर जन्मभर लोक म्हणतील सख्ख्या कुळात लग्न केलं, माझ्या मुलांना म्हणतील. कुलूप तू केलंस, किल्ली तू फेकलीस, आता मला खिडकीतून उडी मारायला सांगतोस. शुक्रवारी कागद नाही आला तर पुन्हा या अंगणात पाय ठेवू नकोस. एवढं बोलून ती आत गेली, आणि तिच्या बापानं दार लावून घेतलं.

घरी कलामकास बाउर्साक, पिठाचे गोळे, तळत होती. तिचे हात कापत, पण तळताना कापत नसत. दाउलेननं सगळं सांगितलं, जन्मसालाचं तेवढं सोडून. ती कढईकडे पाहत ऐकत होती. तळून झाल्यावर तिनं गॅस बंद केला.

"मग मी कुठे?" तिनं विचारलं.

"तू आहेसच. दादाची आई म्हणून. माझी आजी म्हणून."

"दोन्ही लिहायला काय होतं? पूर्वी लिहीत होते. कोपऱ्यातल्या त्या गुल्शाननं लिहिलं होतं."

"पूर्वी रकाना होता. आता नाही."

"मग परत घाल."

"घालता येत नाही, आई."

"कोण म्हणतं?"

त्यानं टेबलावर सांडलेलं पीठ बोटानं गोळा केलं. तिनं पुन्हा विचारलं, आणि तो पीठच गोळा करत राहिला तेव्हा तिला उत्तर मिळालं. बाउर्साकची परात तिनं त्याच्यासमोर ठेवली नाही, टेबलाच्या पलीकडच्या टोकाला ठेवली. मग म्हणाली की गुल्शान नाव काढून आली तेव्हा इथून रडत गेली होती, मला वाटलं होतं कोणी सरकारी माणूस असेल, निर्दय. शुक्रवारी मी पण येते. माझ्या माघारी नको.

त्याला राग आला. तिचा आला, सागिंदिकचा आला, बागिलाचा तर आलाच. त्यानं मनात सगळ्यांशी वाद घातला आणि तो प्रत्येक वाद जिंकला. नियम बरोबरच होता. अरालच्या त्या मूर्खानं पुस्तकाचं हसं केलं नसतं तर नियम लागलाही नसता. एवढं जिंकूनही शुक्रवार टळला नाही, ठरल्या दिवशी आला.

शुक्रवारी सकाळपासून वारा होता आणि खिडकीच्या फटींतून खारट धूळ टेबलांवर येऊन बसत होती. सागिंदिक कोट घालून आला आणि भिंतीशी बसला. कलामकास चांगला पांढरा रुमाल डोक्याला बांधून आली होती. तिला बसायला खुर्ची बागिलानं दिली, दाउलेनच्या आधी उठून.

त्यानं आपली नोंद उघडली, बापाच्या जागी दुइसेन लिहिलं, आईच्या जागी झाउरे, आणि आपला पासवर्ड टाकला. दुसऱ्या सहीची चौकट उघडली. तो बाजूला झाला. बागिला कीबोर्डशी बसली, पण तिनं हात टेकवले नाहीत. ती नोंद वाचत होती.

"कलामकास आपा," तिनं मान न वळवता विचारलं, "तुमचा जन्म कुठल्या वर्षातला?"

"गाईच्या," म्हातारी म्हणाली. तिच्या पिढीत वर्षं बारा जनावरांच्या नावानं मोजत. "माझी आई म्हणायची, गाईच्या वर्षातली आहे म्हणून सोशीक आहे."

"इथे माकडाचं वर्ष आहे. सात वर्षांनी लहान केलंय तुम्हाला कुणीतरी."

सागिंदिक पुढे झुकला. बागिला आता खुर्चीत वळली आणि इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा तिनं त्याच्याकडे सरळ पाहिलं.

"म्हणजे तुझा नियम खोटं अडवत नाही," ती म्हणाली. "खोटं नीट बेतून आणलं की आत घेतो. माझा फॉर्म निदान तोंडावर विचारायचा. माझ्या आलिबीसाठी मला नाही सुचलं हे. सुचलं असतं तरी मी केलं नसतं."

"सही करा, अपाय."

"हे का केलंस रे?" कलामकासनं विचारलं. तिला नियमाचं काही कळलं नव्हतं. सात वर्षांचं कळलं होतं.

"तू आई राहावीस म्हणून," तो म्हणाला. खाली बघत, आणि चिडून, जसा काही तिनंच त्याला भाग पाडला होता.

म्हातारीचा चेहरा जरा सैल झाला. ती काही बोलणार होती. तिचा हात खुर्चीच्या दांड्यावरून उचलला गेला, त्याच्याकडे येईल असं वाटलं. सागिंदिक भिंतीशी खाकरला आणि म्हणाला की मला दुपारी भातगिरणीवर जायचंय, काय ते एक ठरवा.

बागिला म्हणाली, "फॉर्म आता विचारत नाही. म्हणून मी विचारते. विचारल्याशिवाय सही करणार नाही, तसा नियम कुणी केलेला नाही, माझा आहे. दाउलेन, तुझ्या आईचं नाव?"

स्क्रीनवर लिहिलेलं होतं. लिहिणं सोपं गेलं होतं. आता खोलीत चार माणसं होती आणि प्रिंटर चालू होऊन नुसता घुरघुरत होता. त्यानं परिझातचा विचार केला, अंगणातलं ते लागलेलं दार आठवलं. हे नुसतं एका नोंदीचं उत्तर आहे, घरी गेल्यावर सगळं पूर्वीसारखंच असणार आहे, असं त्यानं स्वतःला सांगितलं. बागिलाला त्यानं हेच सांगितलं होतं, आलिबीच्या वेळी, जवळजवळ याच शब्दांत.

"झाउरे," तो म्हणाला.

"आणि ह्या?"

"अपाय, पुरे."

"नोंद पुरी करायची आहे. ह्या तुझ्या कोण?"

"वडिलांची आई."

बागिलानं पासवर्ड टाकला. जिंकल्याचा आनंद तिच्या तोंडावर शोधायला गेला असता तर त्याला सापडला नसता, पण त्याची मान वर होत नव्हती. मग तिनं मोजणी लावली. बैबोल, दोन्हीकडून आठवी पिढी, संबंध मान्य. कागद बाहेर आला, तिनं त्यावर शिक्का मारला आणि सागिंदिकच्या हातात दिला. सागिंदिकनं तो दोनदा वाचला. काही खोट निघेना तेव्हा घडी घालून कोटात ठेवला आणि तारखेचं बोलायला झाउरेला पाठवून द्या, असं सांगून निघून गेला.

कलामकास उठली. तिनं रुमालाची गाठ नीट केली, बागिलाचा निरोप घेतला, आणि जिन्याकडे निघाली. जिना जुना, उंच पायऱ्यांचा. येताना ती दाउलेनच्या खांद्यावर भार टाकून, दर वळणावर दम खात चढली होती. तो धावत मागून गेला आणि त्यानं हात पुढे केला.

"आई, हात दे. पायऱ्या झिजल्यात."

तिनं कठड्याला धरलं.

"आजी म्हण," ती म्हणाली. "चार लोकांत चुकशील नाहीतर."

आणि ती एकेक पायरी चाचपत, कठडा न सोडता, खाली उतरू लागली.